उद्या सकाळी गुरं सोडू नका: लम्पीच्या साथीत एका मोबाईल माहितीसेवेचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका किनारी तालुक्यातलं, २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं आहे. गावं, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील हलवले आहेत. सेवा चालवणारी समन्वयक, दूध केंद्राचा सचिव, पशुसखी (गावातली पशुआरोग्य कार्यकर्ती), पशुधन पर्यवेक्षक आणि सड्यावरचा, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या माळावरचा गुराखी यांच्याशी बोलून ही मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

तालुक्यातली एक छोटी सामाजिक संस्था दोन दूध संकलन केंद्रांना हाताशी धरून पशुपालकांना फोनवरून माहिती देत होती. दर बुधवारी एक ध्वनिमुद्रित निरोप नोंदलेल्या सगळ्या नंबरांवर वाजायचा. विषय नेहमीचेच: पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, जंताचं औषध, कासदाहाची लक्षणं, गाय माजावर आल्यावर किती तासांनी भरवायची. कुणाला काही विचारायचं असेल तर त्याच नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग कार्यालयातून समन्वयक उलट फोन करायची. मजकूर पशुसंवर्धन विभागाच्या पत्रकांतून आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांतून घेतलेला असे.

लेखी संदेशाऐवजी आवाज निवडला त्याला कारण होतं. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीत जागा मिळतात ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार त्यातच वेगवेगळे मोजले जातात. 'गुरांना लस टोचून घ्या' एवढं लिहिलं की वीसच्या वर जागा संपल्या. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादीही करून पाहिली होती, पण पाठवणाऱ्याचा नंबर ज्याने आपल्या फोनात साठवला आहे त्यालाच तो संदेश पोचतो, आणि संस्थेचा नंबर साठवायची तसदी फारच थोड्यांनी घेतली होती. शिवाय गोठ्यात खरं काम करणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बायका. त्या वाचायला चष्मा शोधतात, फोन मात्र चटकन कानाला लावतात.

सरकारी फोनसेवा नव्हत्या असं नाही. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे, त्याचा नंबर १८००-१८०-१५५१, आणि जनावरांच्या उपचारासाठी १९६२ आहे. गावात दोन्ही नंबर भिंतीवर रंगवलेले. पण तिथे बसलेल्या माणसाला अमुक वाडीत गाडी कुठवर जाते आणि व्हाळाला पाणी असलं की कुठे अडते हे कसं कळणार? स्थानिक सेवेचं मोल होतं ते इथेच.

आता गुरांबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इथली गावठी गाय, जिची अलीकडे 'कोकण कपिला' या नावाने जात म्हणून नोंद झाली आहे, अंगाने लहान. दूध देते लिटर-दोन लिटर, तेही घरापुरतं. बैल नांगराला. केंद्रावर दूध घालणारी घरं वेगळी, त्यांच्याकडे जर्सी किंवा म्हशी. जून ते ऑक्टोबर भात उभं असतं, म्हणून गावठी गुरं गुराख्याबरोबर सड्यावर जातात. कातळावर तेवढ्याच महिन्यांत गवत उगवतं, आणि त्या एका सड्यावर दोन-तीन ग्रामपंचायतींतल्या पाच-सहा वाड्यांची गुरं एकत्र चरतात.

सेवेची यादी मात्र दूध केंद्राच्या सभासद-पुस्तकातून उचललेली होती. म्हणजे ज्यांच्याकडे फक्त बैल आणि गावठी गाय, ती घरं यादीत नव्हतीच. आणि जी होती त्यांच्यातही घोळ. सभासद म्हणून नाव सासऱ्यांचं, नंबर मुलाचा, मुलगा नालासोपाऱ्याला आणि म्हैस सुनेच्या हाताखाली! बुधवारी सकाळी ११ ला निरोप वाजला की तो कितीतरी वेळा विरार लोकलमध्ये नाहीतर भायखळ्याच्या गाळ्यात ऐकला जाई. त्या वेळी सून असे शेतात, फोनची रेंज नसलेल्या मळ्यात.

हे समन्वयकाला माहीत होतं. दुरुस्ती करायची म्हणजे दारोदार जायला हवं होतं, आणि त्यासाठी पैसे नव्हते. अहवालात 'इतके कॉल लागले' हा आकडा चांगला दिसत होता, त्यामुळे कुणी घाईही करत नव्हतं.

अडचण

ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यात लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य त्वचारोग दिसला आणि महिनाभरात तो राज्यभर चर्चेत आला. सप्टेंबरमध्ये सरकारने सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंधनं आली. गणपती त्या वर्षी ३१ ऑगस्टला बसले होते. चाकरमानी गावी आलेले असतानाच ही बातमी मोबाईलवर फिरू लागली.

सेवेने या काळात लम्पीवर दोन निरोप पाठवले. 'बाधित जनावराचे विलगीकरण करावे, गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा' अशा धर्तीचे. माहिती बरोबरच होती. पण किनाऱ्यालगतच्या या पावसात कडुनिंब फारसा होत नाही, वाडीत शोधूनही सापडत नाही. बायका पूर्वीपासून निरगुडीचा पाला जाळतात. निरोप ऐकून एकीने पशुसखीला विचारलं, "ताई, कडुनिंब नाय मिळाला तर मग काय करूच नको?"

अनंत चतुर्दशी होऊन आठवडा उलटला असेल. रविवारी दुपारी वरच्या वाडीतल्या एका काकींना आपल्या वर्षभराच्या पाड्याच्या अंगावर गाठी दिसल्या. मानेवर, मांडीवर, सुपारीएवढ्या. अंग गरम, डोळ्यांतून पाणी, वैरणीला तोंड लावत नव्हता. काकी दूध घालत नाहीत, त्यामुळे यादीत नव्हत्या. शेजारणीकडून नंबर घेऊन त्यांनी मिस्ड कॉल दिला. रविवारी कार्यालय बंद. कुणाचाच उलट फोन आला नाही.

तोवर त्यांच्या पुतण्याने पाड्याचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. हेतू मदतीचाच होता. "कोणाला माहीत आहे का हे काय आहे?" एवढंच त्याने लिहिलं होतं. फोटोत मागे घराचं बेडं (फाटक) आणि अंगणातली तुळस स्पष्ट दिसत होती. फोटो गावाच्या मुंबई मंडळाच्या गटावर गेला, तिथून परत दुसऱ्या गावच्या गटांवर आला, आणि येताना त्याच्याखाली नवा मजकूर चिकटला: या गावात लम्पी आली आहे, तिकडचं दूध घेऊ नका.

सोमवारी सकाळी तालुक्याच्या गावातल्या दोन हॉटेलांनी आणि बऱ्याच घरांनी दूध नाकारलं. काकींकडे ताक न्यायला येणाऱ्या शेजारच्या बायका आल्या नाहीत. खरं तर त्या वाडीतून केंद्रावर दूधच जात नव्हतं! पण फोटोखाली वाडीचं नाव कुठे होतं? होतं ते गावाचं.

नऊ वाजता कार्यालय उघडलं तेव्हा समन्वयकासमोर रविवारचा एक मिस्ड कॉल होता, चार जणांनी पाठवलेला तोच फोटो होता, आणि फोनवर दूध केंद्राचा सचिव होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: "आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कॉल टाका, गावात लम्पी नाही म्हणून." पशुधन पर्यवेक्षक दुसऱ्या गावी लसीकरणात होते, त्यांचा फोन लागत नव्हता.

समोर असलेले पर्याय

सचिवाचा पर्याय, म्हणजे नाकारणं, समन्वयकाने पहिल्यांदा बाजूला ठेवला. पाडा कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे 'आहे' म्हणणं जितकं निराधार तितकंच 'नाही' म्हणणंही. आणि उद्या तपासणीत निघाली, तर सेवेच्या शब्दाला पुढे कुणी विचारणार नव्हतं. सचिवाचं नुकसान खरं होतं, ओतून टाकायची वेळ आलेलं दूध त्याच्यासमोर होतं. तरी मला हा नकार योग्य वाटतो.

दुसरा पर्याय होता सगळ्या यादीला तातडीचा इशारा देण्याचा: लम्पीची शक्यता, सावध राहा. यात प्रामाणिकपणा होता, पण यादीतली निम्मी घरं त्या सड्यापासून लांब, खाडीच्या पलीकडे. त्यांच्या गुरांना त्या दिवशी धोका नव्हता आणि करण्यासारखं काही नव्हतं. ज्यांना धोका होता ती गावठी गुरंवाली घरं तर यादीतच नव्हती. म्हणजे इशारा घबराट पोचवणार आणि नेमक्या गोठ्यात पोचणार नाही.

तिसरा पर्याय थांबण्याचा. नमुना घ्यायचा, तो पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत तपासला जाईल, अहवाल आला की बोलायचं. सरकारी शिस्तीला धरून हेच. संस्थेच्या एका विश्वस्ताचा आग्रहही हाच होता, 'आपण डॉक्टर नाही' म्हणून. पण लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. सड्यावर गुरं रोज एकत्र येत होती. अहवाल येईपर्यंत ती तशीच येत राहिली असती.

चौथा पर्याय पशुसखीने सुचवला. ही 'उमेद' या महिला बचतगटांच्या सरकारी अभियानातून तयार झालेली शेजारच्या वाडीतलीच बाई, शेळ्यांच्या लसीकरणामुळे घराघरांत ओळख असलेली. ती म्हणाली, रोगाचं नाव नंतर ठरू दे, आधी त्या सड्यावर कोणाकोणाची गुरं जातात तेवढ्यांनाच सांगूया. यादी कुठून आणायची? "गुराख्याला विचारा. त्याला प्रत्येक शेपटी माहीत आहे."

या सगळ्यात आणखी एक वाद होता, औषधाचा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने लम्पीसाठी विड्याची पानं, काळी मिरी, मीठ आणि गूळ यांचं चाटण आणि जखमांवर लावायचा लेप असे घरगुती उपाय प्रसिद्ध केले होते. लोक तेच विचारत होते. ते निरोपात घालावेत का? एक बाजू म्हणे, लोकांच्या हाताला काम मिळेल आणि अपाय नाही. दुसरी बाजू म्हणे, चाटण दिलं की माणूस डॉक्टरला बोलवायचं आठवडाभर लांबवतो. शेवटी ठरलं ते असं: सगळ्यांना जाणाऱ्या निरोपात कुठलंच औषध नाही, ना चाटण, ना इंजेक्शनचं नाव. ज्याचं जनावर डॉक्टरने पाहिलं आहे त्याला पशुसखी लेप समजावून सांगेल. मला ही विभागणी पटते. विषाणूवर थेट औषध नाही, प्रतिजैविकं लागतात ती मागाहून होणाऱ्या जंतुसंसर्गासाठी, आणि ते ठरवणं फोनवरून होत नाही.

काय केलं

सोमवारी दुपारी पशुसखी आणि समन्वयक काकींकडे गेल्या. पाडा वेगळा बांधायला लावला, तोही वाऱ्याच्या दिशेचा विचार करून घराच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या शेणकीजवळ. तिथून ग्रामपंचायतीत कळवलं. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यात अशी लक्षणं दिसली की कळवणं हे जनावराच्या मालकाचं कर्तव्य आहे, कलम ४(१). काकींना हे ऐकून भीती वाटली, की आता पाडा घेऊन जाणार. तसं काही होणार नाही, हे सांगण्यातच बराच वेळ गेला. १९६२ वर नोंद केली. संध्याकाळी पर्यवेक्षकांचा फोन लागला, ते दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणाले.

गुराख्याबरोबर बसून यादी झाली. तीन ग्रामपंचायती, पाच वाड्या, साठ-सत्तर घरं. त्यातली जेमतेम एक तृतीयांश सेवेच्या जुन्या यादीत होती. एक वाडी तर दुसऱ्याच दवाखान्याच्या हद्दीत निघाली, म्हणजे पर्यवेक्षक वेगळे, लसीचा साठा वेगळा. नंबर गोळा करताना पशुसखीने एकच प्रश्न विचारला: सकाळी दावं सोडतं कोण? त्या माणसाचा नंबर लिहिला. बहुतेक वेळा तो बाईचा निघाला. काही बायकांच्या फोनचं रिचार्ज संपून येणारे कॉलही बंद झालेले होते. तिथे शेजारचा नंबर लिहिला आणि पुढे कंसात 'हाक मारा'.

निरोप त्याच रात्री गेला. सकाळी ११ ऐवजी संध्याकाळी साडेसातला, दूध काढून झालेलं आणि घरातल्या मालिका सुरू व्हायच्या आधी. बिल ३० सेकंदांच्या टप्प्याने लागत असल्याने तेवढ्यातच बसवला होता. मजकूर असा:

"वरच्या सड्यावर येणाऱ्या एका पाड्याच्या अंगावर गाठी दिसल्या आहेत. लम्पी आहे की नाही ते तपासल्यावर कळेल. तोवर तुमची गुरं सड्यावर पाठवू नका. ताप, गाठी, डोळ्यांतून पाणी दिसलं तर आपल्या पशुसखी ताईंना फोन करा."

आवाज पशुसखीचा होता. आधीचे निरोप शहरातून मुद्रित करून आणलेले असत. या वेळी अनोळखी नंबर बघून ज्यांनी फोन कापला त्यांनाही शेजारणीने सांगितलं, अगो आपल्या ताईचा आवाज आहे.

दुसऱ्याच दिवशी या सल्ल्याचा खर्च समोर आला. गुरं घरी ठेवायची तर गवत कापून आणायला हवं. सप्टेंबरात गेल्या वर्षीचा पेंढा संपलेला, नव्या भाताला अजून महिना. एका घरात चार गुरं आणि कापायला एकटी बाई. एका बाईने समन्वयकाला विचारलं, "दोन दिवस कापीन. पुढचा आठवडाभर तुम्ही येणार काय कापायला?" याला उत्तर नव्हतं. मग मंगळवारी संध्याकाळी निरोप बदलला: प्रत्येक वाडीने आपली गुरं आपल्याच बांधावर, व्हाळाच्या अलीकडे राखावीत, दुसऱ्या वाडीच्या गुरांत मिसळू देऊ नयेत. रोगशास्त्राच्या दृष्टीने हे पूर्ण विलगीकरण नाही, माशी बांध ओळखत नाही. पर्यवेक्षकांनी नाराजीनेच मान्य केलं. तरी जे पाळलं जाईल तेच सांगावं, हा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यात शहाणा वाटतो, आणि तो घ्यायला एक दिवस उशीर झाला तोही एका बाईने तोंडावर विचारलं म्हणून एकच दिवस.

पर्यवेक्षकांनी पाड्याचे नमुने घेतले आणि अहवालाची वाट न पाहता भोवतालच्या गावांत लसीकरण लावलं. लम्पीसाठी तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस वापरली जात होती आणि बाधित गावाभोवती ५ किलोमीटरच्या टापूत ती द्यायची पद्धत होती. पहिल्या वाडीत पथक सकाळी दहाला पोचलं. अर्ध्याहून जास्त दावी रिकामी. गुरं बांधावर गेलेली, बायका शेतात. जी गुरं होती त्यांत दोन बैल असे, की धरायला गडी माणूस नाही, आणि सुई घेऊन जवळ जायची कुणाची छाती नाही. पथक दुपारी परतलं, उघडलेल्या कुप्यांतली उरलेली लस वाया गेली.

त्या संध्याकाळी गेलेला निरोप सर्वांत छोटा होता: "उद्या सकाळी तुमच्या वाडीत लस आहे. गुरं सोडू नका. दावणीला आखूड बांधा. बैल धरायला माणूस थांबवा." त्या वाडीपुरताच. बरोबर पशुसखीने गोविंदा पथकातल्या चार पोरांना सकाळी सातला बोलावून घेतलं. दुसऱ्या वाडीत पथकाला जवळजवळ सगळी गुरं दावणीला सापडली, आणि नऊच्या आत काम आटोपलं. यानंतर प्रत्येक वाडीत आदल्या संध्याकाळी हाच निरोप जात राहिला, फक्त वाडी बदलून.

फोन नंबर कुणाचा द्यायचा, यावरही एक तिढा झाला. पहिल्या उत्साहात कुणीतरी पर्यवेक्षकांचा खासगी नंबर गटावर टाकला. दिवसभर त्यांना फोन, त्यातले निम्मे म्हशीला लम्पी होते का आणि दूध प्यावं का विचारणारे. गाडी चालवताना फोन, सुई हातात असताना फोन. ते चिडले आणि बरोबर चिडले. मग ठरलं की फोन पशुसखीकडे जातील, ती रात्री आठला दिवसभराची यादी करून पाठवेल: वाडी, घर, जनावर, ताप किती दिवस, गाडी कुठवर येते. यादीच्या क्रमाने पर्यवेक्षक फेरी आखतील. पत्रकातली कुठलीही माहिती त्यांच्या उपयोगी पडली नसेल तेवढा तो शेवटचा रकाना पडला.

दुधाच्या अफवेचं काय? इथे एक गंमत झाली. मुंबईचे जे नंबर यादीत चुकून शिरले होते, गुरांच्या कामासाठी निरुपयोगी, तेच आता कामाला आले. अफवा ज्या गटांवर फिरत होती त्या गटांवर हीच माणसं होती. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या आवाजात एक छोटी फीत तयार करून फक्त त्या नंबरांना पाठवली: लम्पी माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्या. मंडळांच्या गटांवर ती त्यांनीच फिरवली. सचिवाच्या आवाजात पाठवली असती तर 'हा तर बोलणारच' म्हणाले असते.

काय झालं

अहवाल आला तेव्हा पहिल्या तीन वाड्यांचं लसीकरण उरकलं होतं. लम्पीच होती. सड्यावरच्या गुरांपैकी आणखी काहींना गाठी आल्या. लसीने संरक्षण यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे त्यातल्या काहींना लागण आधीच झालेली असणार. बहुतेक बरी झाली. एका बैलाचे पुढचे पाय सुजले आणि तो पुढे बराच काळ कामाला उभा राहिला नाही. दूध केंद्राच्या गोठ्यांतल्या जर्सी गाईंपर्यंत रोग फारसा पोचला नाही. त्याचं श्रेय निरोपांना देण्याचा मोह संस्थेला झाला होता. मी देणार नाही, कारण ती जनावरं मुळात सड्यावर जातच नव्हती.

दुधाची मागणी हळूहळू पूर्ववत झाली. हॉटेलं आठवडाभरात परतली, घरं दिवाळीपर्यंत.

काकींचा पाडा दहाव्या-अकराव्या दिवशी मेला. पहाटे मेला, वास सुटेल आणि पुन्हा बोभाटा होईल या धास्तीने दिराने उजाडायच्या आत खड्डा खणून तो पुरला. लम्पीने मेलेल्या जनावरासाठी राज्य सरकारची मदत जाहीर झालेली होती, गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. पण त्याला पंचनामा लागतो. पंचनामा झाला नव्हता, पाड्याच्या कानात ओळखक्रमांकाचा बिल्लाही नव्हता. काकींना काही मिळालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पंचनाम्याची गोष्ट आधी. सेवेने त्या महिन्यात रोगाची लक्षणं सांगितली, काळजी सांगितली, लसीची वेळ सांगितली. जनावर मेलं तर काय करायचं, हे कुठल्याच निरोपात नव्हतं. अशुभ बोलू नये म्हणून असेल, घाईत सुचलं नाही म्हणून असेल. 'मेलं तर पुरण्याआधी फोन करा' एवढं एक वाक्य ३० सेकंदांत सहज बसलं असतं, आणि काकींसाठी सगळ्या सेवेतलं तेच सर्वांत मोलाचं ठरलं असतं.

रविवारचा मिस्ड कॉल. सुट्टीच्या दिवशी कुणीच नाही, हे ज्या सेवेला परवडत नाही तिने निदान तसं ऐकवायला हवं होतं: आज कार्यालय बंद आहे, तातडीचं असेल तर १९६२. काकींना वाटलं, फोन लागला म्हणजे कळलं. म्हणून त्या संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसल्या, आणि तेवढ्या वेळात फोटो मुंबईला जाऊन आला.

फोटोबद्दल पुतण्याला दोष देऊन उपयोग नाही. विचारायला जागा नसली की माणूस जिथे जागा दिसते तिथे विचारतो. सेवेकडे फोटो पाठवण्याची सोय होती, पण ती फक्त सभासदांना माहीत. आता पशुसखीचा व्हॉट्सॲप नंबर प्रत्येक वाडीत, किराणा दुकानाच्या फळीवर लावलेला आहे, आणि फोटो गोठ्याचा नको, जनावराचाच काढा, असं ती सांगते. काकींच्या घरचं ताक मात्र लोक पुढे बरेच दिवस टाळत राहिले. त्यांचं घर कोणतं ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि यावर खुलाशाच्या निरोपाचा काही परिणाम झाला नाही.

यादीबद्दल संस्थेत अजून एकमत नाही. एक गट म्हणतो, सगळी यादी आता सड्यानुसार करा, कारण गुरं ग्रामपंचायतीप्रमाणे चरत नाहीत. दुसरा गट म्हणतो, पैसे देणारे दूध केंद्रानुसार हिशेब मागतात, सड्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही. तूर्त दोन्ही याद्या ठेवल्या आहेत. एक अहवालासाठी आणि एक कामासाठी, असं समन्वयक हसत म्हणते. बुधवारचे सल्ल्याचे निरोप कमी करून महिन्यातून एकच ठेवला आहे. त्याऐवजी लस, रेतन, गोचीड-फवारणी यांच्या फेऱ्यांचे वाडीनिहाय निरोप जातात. कॉलची एकूण संख्या त्यामुळे घटली, आणि हे वरच्यांना समजावताना तिची पंचाईत होते.

अडलेला प्रश्न भातकापणीनंतरचा आहे. नोव्हेंबरात शेतं मोकळी झाली की गुराख्याचं काम संपतं आणि गुरं मोकाट सुटतात, काही तर जूनपर्यंत घरी फिरकत नाहीत. तेव्हा सड्याची यादी लागू पडत नाही, आणि कोणाचं जनावर कुठे आहे हे सांगणारा माणूसही नसतो. पशुसखीचं म्हणणं, गुरं पाण्यावर येतात त्या चार-पाच जागा धरून यादी करावी. पर्यवेक्षकांचं म्हणणं, आधी सगळ्यांच्या कानात बिल्ले मारून घ्या, मग बोलू. गुराख्याने वेगळीच अट घातली आहे: त्या सात महिन्यांचाही मेहनताना दिलात तर मी नजर ठेवीन. तो मेहनताना दूध केंद्राने द्यायचा की तीन ग्रामपंचायतींनी वाटून, यावर दोन बैठका झाल्या, तिसरी ठरलेली आहे.